काजळीपासून पेशीपर्यंत : त्वचेच्या कर्करोगाच्या शोधाचा इतिहास

राजांचे, लढायांचे आणि तहांचे इतिहास आपण मुलांकडून पाठ करून घेतों. परंतु ज्या शत्रूनें राजवाडा आणि झोपडी यांत कधीं भेद केला नाहीं, त्या रोगाशीं माणसानें दिलेल्या झुंजीची हकीकत बहुधा वैद्यकाच्या जाड ग्रंथांतच पडून राहते. आज मी अशा एका झुंजीची हकीकत आपणांस सांगणार आहें. विषय आहे त्वचेचा कर्करोग. या हकीकतीचा आरंभ लंडन शहरांतील धुराड्यांत होतो, आणि तिचा आजचा मुक्काम शरीरांतील सूक्ष्म पेशीच्या पोटांत, 'प्रोटीन फॉस्फटेज' नांवाच्या एका द्रव्यापाशीं आहे. मधल्या वाटेवर जपानांतील ससे, आपल्या ओळखीचा जमालगोटा आणि समुद्रांतील एक काळसर स्पंज यांची गांठ पडावयाची आहे. मी वैद्य नव्हे. जन्मभर शाळामास्तरकी केलेला माणूस आहें. तेव्हां रसायनशास्त्राचे बारकावे तज्ज्ञांकडे सोपवून, ही सांखळी कडीला कडी लागून कशी तयार झाली, एवढेंच सांगण्याचा माझा हेतु आहे.

सन १७७५ मध्यें लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयांतील शस्त्रवैद्य पर्सिव्हल पॉट यांनीं एक लहानसा लेख प्रसिद्ध केला. त्या काळीं लंडनमध्यें घरोघर दगडी कोळसा जळत असे. धुराडीं अरुंद आणि वांकडींतिकडीं. कांहीं तर जेमतेम नऊ इंच रुंदीचीं. त्यांत मोठा माणूस शिरणें शक्य नव्हतें. म्हणून सहा-सात वर्षांचीं, कधीं त्याहूनहि लहान अशीं मुलें आंत चढवीत. हीं मुलें बहुतेक पोरकीं किंवा अत्यंत दरिद्री आईबापांचीं असत. गुडघे व कोपरें सोलवटत तीं वर चढत, काजळी खरवडून खालीं पाडीत आणि त्याच काजळीनें भरलेल्या अंगानें रात्रीं झोपीं जात. स्नान आठवड्यांनीं नव्हे, महिन्यांनीं घडे.

पॉट यांच्या ध्यानांत असें आलें कीं, या मुलांपैकीं पुष्कळांना वयांत आल्यावर वृषणकोशाच्या कातडीवर एक विशिष्ट प्रकारचा व्रण होतो. धुराडेवाले त्यास 'काजळीचा मस' म्हणत. वैद्य त्यास गुप्तरोग समजून पाऱ्याचीं औषधें देत, आणि रोगी हालहाल होऊन मरे. पॉट यांनीं स्पष्ट सांगितलें कीं, हा कर्करोग आहे, कातडीच्या सुरकुत्यांत सांचून राहणारी काजळी हें त्याचें मूळ आहे, आणि व्रण लहान आहे तोंवरच तो कापून काढला पाहिजे. एखादा व्यवसाय आणि एखादा कर्करोग यांचा संबंध इतक्या स्पष्टपणें दाखविला गेल्याचें हें पहिलें उदाहरण मानतात. कर्करोग हा दैवाचा कोप नसून त्याला बाहेरचें कांहीं कारण असूं शकतें, हा विचार या छोट्या लेखानें जगापुढें ठेविला.

पण कारण कळलें म्हणजे दुःख टळलें असें होत नाहीं. पॉट यांच्या लेखानंतर १७८८ सालीं कायदा झाला कीं, आठ वर्षांखालील मुलास या धंद्यांत घेऊं नये. तो कोणी पाळला नाहीं. १८४० मध्यें दुसरा कायदा झाला कीं, एकवीस वर्षांखालील कोणासहि धुराड्यांत चढवूं नये. तोहि कागदावरच राहिला. १८६४ मध्यें आणखी एक कायदा झाला. अखेर फेब्रुवारी १८७५ मध्यें केंब्रिजजवळच्या एका रुग्णालयाच्या धुराड्यांत जॉर्ज ब्रूस्टर नांवाचा अकरा-बारा वर्षांचा मुलगा अडकला आणि मरण पावला. त्यावर लॉर्ड शाफ्ट्सबरी यांनीं पार्लमेंटांत पुन्हां आवाज उठविला, आणि त्याच वर्षीं झालेल्या कायद्यानें मुलें चढविण्याची चाल खरोखरीची बंद पडली. १७७५ ते १८७५! श्रोतेहो, एका शस्त्रवैद्याचें सत्य कायद्याच्या गळीं उतरण्यास पुरीं शंभर वर्षें लागलीं.

येथें आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. सन १८९२ मध्यें हेन्री बटलिन या शस्त्रवैद्यानें असा प्रश्न केला कीं, धुराडीं तर साऱ्या युरोपांत आहेत. मग हा रोग इंग्लंडांतच इतका कां? त्यानें शोध केला तेव्हां असें दिसलें कीं, जर्मनी, बेल्जम वगैरे देशांतील धुराडेवाले अंगाबरोबर बसणारा पोशाख करीत आणि काम संपल्यावर नित्य स्नान करीत. काजळी तीच, परंतु ती अंगावर राहूं न दिल्यानें रोग टळत होता. रोजच्या रोज पुसून टाकण्याचें हें महत्त्व ध्यानांत ठेवावें. पुढें या हकीकतीच्या शेवटीं पेशीच्या आंतहि तीच गोष्ट आपणांस भेटणार आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कारखाने वाढले, तसा हा रोग धुराड्यांतून बाहेर पडला. सन १८७५ मध्येंच जर्मनींत हाले येथील फोल्कमान यांनीं डांबर व पॅराफिन यांच्या कारखान्यांतील मजुरांच्या कातडीवर तसाच कर्करोग पाहिला. पुढें लँकेशायरच्या सूतगिरण्यांत चात्यांना घालण्याचें खनिज तेल ज्यांच्या कपड्यांवर वर्षानुवर्षें उडे, अशा कातणाऱ्यांत तो आढळला. १९२२ सालीं त्याचें सविस्तर वर्णन प्रसिद्ध झालें. काजळी, डांबर, खनिज तेल यांत कांहीं तरी समान विष असलें पाहिजे, हा तर्क सर्वांनाच पटत होता. परंतु तर्क आणि सिद्धता यांत अंतर असतें. प्राण्याच्या अंगावर डांबर लावून कर्करोग उत्पन्न करून दाखविल्यावांचून शास्त्राचें समाधान होणार नव्हतें; आणि युरोपांतील ज्यांनीं ज्यांनीं हा प्रयोग केला, त्यांच्या हातीं अपयशच आलें.

हें यश मिळालें जपानांतील दोन चिकट माणसांना. तोकियो येथील विद्यापीठांत कात्सुसाबुरो यामागिवा हे विकृतिशास्त्राचे अध्यापक होते. बर्लिनमध्यें फिर्खो या विख्यात शास्त्रज्ञाच्या हाताखालीं ते शिकलेले होते. क्षयानें त्यांची प्रकृति खंगलेली होती. कोइची इचिकावा हा त्यांचा तरुण साहाय्यक. या दोघांनीं सशांच्या कानांच्या आंतल्या बाजूस दोन-तीन दिवसांआड डांबर लावण्याचा क्रम सुरू केला. आठवडे गेले, महिने गेले. नुसते मस उठत. युरोपांतील प्रयोगकर्ते याच टप्प्यावर थकून थांबले होते. हे दोघे थांबले नाहींत. शेवटीं १९१५ सालीं त्यांनीं जाहीर केलें कीं, डांबरानें सशाच्या कानावर खरा कर्करोग उत्पन्न झाला आहे. त्या आनंदांत यामागिवा यांनीं एक छोटी कविता लिहिली, असें त्यांच्या चरित्रांत नमूद आहे. १९२६ सालचें नोबेल पारितोषिक मात्र, कृमींमुळें उंदरांत कर्करोग होतो असें सांगणाऱ्या फिबिगर या डॅनिश शास्त्रज्ञास मिळालें. तो सिद्धांत पुढें टिकला नाहीं, यामागिवांचा टिकला. सन्मान आणि सत्य यांची गांठ इतिहासांत नेहमींच पडते असें नाहीं.

यानंतरची पायरी लंडनची. डांबर म्हणजे शेंकडों द्रव्यांचा काला. त्यांतील नेमका गुन्हेगार कोण? अर्नेस्ट केनवे व त्यांचे सहकारी यांनीं हा शोध हातीं घेतला. कर्करोगकारक डांबरावर विशिष्ट किरण पाडले असतां तें विशिष्ट रीतीनें चमकतें, या खुणेवरून ते माग काढीत गेले. दोन टन डांबराचा घट्ट गाळ पुनःपुन्हां शुद्ध करीत त्यांनीं १९३३ सालीं त्यांतून 'बेंझोपायरीन' हें स्फटिकरूप द्रव्य वेगळें काढलें. पॉट यांनीं ज्या गुन्हेगाराची सांवली पाहिली होती, त्याचा चेहरा दीडशेंहून अधिक वर्षांनीं असा उजेडांत आला.

येथें हकीकत संपली असें कोणासहि वाटलें असतें. परंतु एक कोडें शिल्लक होतें. काजळींत काम करणाऱ्या मुलास रोग होई तो पुष्कळदां वीस-वीस वर्षांनीं. मधल्या काळांत रोग कोठें दडून बसे? या कोड्याची किल्ली आपल्या जमालगोट्यांत सांपडली. जुन्या वैद्यांच्या बटव्यांत रेचक म्हणून असणारा हा जमालगोटा; त्याचें तेल कातडीस लागलें तर ती लाल होऊन फोड येतात. ऑक्सफर्ड येथील आयझॅक बेरेनब्लुम यांनीं १९४१ च्या सुमारास उंदरांच्या कातडीवर बेंझोपायरीन आणि जमालगोट्याचें तेल यांचे एकत्र प्रयोग केले. आणि १९४७ पर्यंत त्यांतून एक स्पष्ट नियम हातीं आला. कर्करोगकारक द्रव्याचा एकच हलका हात दिला, तर कांहींच दिसत नाहीं. नुसतें जमालगोट्याचें तेल महिनेन् महिने लावलें, तरीहि गांठी जवळजवळ येत नाहींत. परंतु आधीं तो एक हात देऊन मग तेल लावीत गेल्यास गांठींचें पीक येतें. मध्यें कित्येक आठवडे जाऊं दिले तरी चालतें. पण क्रम उलटा केला तर कांहीं होत नाहीं.

याचा अर्थ असा कीं, कर्करोगाचीं निदान दोन पावलें आहेत. पहिल्या पावलांत बीज पडतें. पेशीच्या आनुवंशिक लेखांत कायमची खोट पडते, पण ती निजून राहते. दुसऱ्या पावलांत कांहीं तरी सतत डिवचणारें द्रव्य त्या निजलेल्या बीजास जागें करून वाढवितें. पेटन राउस या अमेरिकन शास्त्रज्ञांच्या प्रयोगशाळेंतून या दोन पावलांना 'आरंभ' आणि 'प्रवर्तन' अशा अर्थाचीं नांवें मिळालीं. बीज पेरलें गेल्यावरहि माणूस सर्वस्वीं हरलेला नसतो, हा यांतील मोठा दिलासा होय. पाणी घालण्याचें थांबविलें तर बीज तसेंच पडून राहूं शकतें.

सतत डिवचण्यानें कातडीची हानि होते, हें आपल्या देशांतहि वैद्यांनीं पाहिलें होतें. काश्मीरांत थंडींत निखाऱ्यांची 'कांगडी' फेरणाच्या आंत पोटाशीं धरून बसण्याची चाल आहे. तेथें काम करणाऱ्या वैद्यांनीं एकोणिसाव्या शतकांतच पोटावरील व मांड्यांवरील कांगडीच्या कर्करोगाची नोंद केली. आणि मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयांतील डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनीं डॉ. सूर्याबाई यांच्यासह १९४५ सालीं एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांत चालीरीतींमुळें उद्भवणाऱ्या ज्या तीन नव्या कर्करोगांचें वर्णन होतें, त्यांत कमरेस घट्ट कसलेल्या धोतराच्या कांचानें होणारा कर्करोग हा एक होता. वर्षानुवर्षें एकाच जागीं कांच बसून प्रथम कातडी काळवंडते, मग जाड होते, मग तेथें क्षत पडतें, आणि क्वचित् त्यांतून कर्करोग उद्भवतो. साडी नेसणाऱ्या स्त्रियांतहि परकराच्या नाडीमुळें हाच प्रकार पुढें आढळून आला आहे. असे रोगी थोडे असतात. घाबरून जाण्याचें कारण नाहीं. परंतु नाडी किंचित् सैल बांधणें, ती एकाच जागीं न येऊं देणें आणि न भरणारें क्षत वैद्यास दाखविणें, यांत खर्च तो काय?

आतां प्रश्न उरला तो हा कीं, जमालगोट्याचें तेल पेशीच्या आंत जाऊन करतें तरी काय? याचें उत्तर समजण्यासाठीं क्षणभर कातडी सोडून स्नायूकडे वळलें पाहिजे. कारण उत्तराची निम्मी बाजू तेथें आधींच सांपडलेली होती.

अमेरिकेंत कार्ल कोरी व गर्टी कोरी हें शास्त्रज्ञ दांपत्य, स्नायूंत सांठविलेली साखर कशी वापरली जाते याचा अभ्यास करीत होतें. या कामासाठीं त्यांना १९४७ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. १९४० नंतरच्या वर्षांत त्यांना असें दिसलें कीं, साखर मोकळी करणारें एक प्रथिन कधीं जागें असतें, कधीं निजलेलें. आणि स्नायूंतच असें एक एन्झाइम आहे, जें त्या जाग्या प्रथिनावरून कांहीं तरी काढून घेऊन त्यास निजवितें. तें 'कांहीं तरी' काय, हें मात्र उमगलें नाहीं. सन १९५५ मध्यें सिअॅटल येथील एडमंड फिशर व एडविन क्रेब्स यांनीं उलगडा केला. प्रथिनावर फॉस्फेटचा एक लहानसा अंश चिकटविला कीं तें जागें होतें. तो काढला कीं निजतें. चिकटविणाऱ्या एन्झाइमास 'कायनेज' म्हणतात व काढणाऱ्यास 'फॉस्फटेज'. मौज अशी कीं, काढणारा हात कोरींच्या दृष्टीस आधीं पडला होता; पण तो काय काढतो हें कळण्यास लावणारा हात सांपडावा लागला. फिशर व क्रेब्स यांना यासाठीं १९९२ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

मास्तराच्या भाषेंत सांगावयाचें तर, पेशी हा वर्ग आणि प्रथिनें हे फळे समजा. कायनेज हा खडू धरलेला हात. तो फळ्यावर आज्ञा लिहितो : 'वाढा', 'विभागा', 'साखर सोडा'. फॉस्फटेज हें फडकें धरलेला हात; काम झालें कीं तो आज्ञा पुसतो. कातडीस जखम झाली म्हणजे 'वाढा' अशी आज्ञा लिहिली जाते, पेशी वाढतात, जखम भरते. मग आज्ञा पुसली जाते आणि पेशी थांबतात. लिहिणें आणि पुसणें हीं दोन्ही वेळच्या वेळीं झालीं, तरच वर्ग चालतो. फडकें कोणीं पळविलें तर कालचीच आज्ञा फळ्यावर राहते, आणि वर्ग तीच पाळीत बसतो.

पुढें हायडेलबर्ग येथील एरिख हेकर आणि न्यूयॉर्क येथील व्हॅन डूरेन यांनीं १९६७-६८ च्या सुमारास जमालगोट्याच्या तेलांतील खरें प्रवर्तक द्रव्य शुद्ध स्वरूपांत वेगळें काढलें. सन १९८२ मध्यें जपानांतील कोबे येथील यासुतोमी निशिझुका यांच्या प्रयोगशाळेंत असें दिसून आलें कीं, हें द्रव्य 'प्रोटीन कायनेज सी' या एन्झाइमास थेट चेतवितें. म्हणजे जमालगोटा खडूच्या हातास भरमसाट लिहावयास लावतो! सर्वांना वाटलें, कोडें सुटलें : कर्करोगाचें प्रवर्तन म्हणजे अतिलेखन. पुसणाऱ्या हाताकडे फारसें कोणाचें लक्ष गेलें नाहीं.

तें लक्ष वेधलें समुद्रानें. सन १९७६ मध्यें जपानच्या ईशान्य भागांत, मियागी प्रांतांत, शिंपल्यांतील जीव खाऊन अनेक लोकांना ओकाऱ्या व जुलाब झाले. तोहोकू विद्यापीठांतील ताकेशी यासुमोतो यांनीं शोध लावला कीं, समुद्रांतील कांहीं सूक्ष्म तरंगत्या जीवांचें विष शिंपल्यांत सांचतें, व तें शिजविल्यानेंहि नाहींसें होत नाहीं. इकडे १९८१ सालीं 'हालिकोंड्रिया ओकादाई' या काळसर स्पंजांतून एक विष वेगळें काढण्यांत आलें. स्पंजाच्या नांवावरून त्यास 'ओकाडेइक अॅसिड' असें नांव मिळालें. शिंपल्यांतील विष याच कुळांतील निघालें, आणि त्याचा मूळ कर्ता स्पंज नसून तसलेच सूक्ष्म जीव आहेत, हेंहि लौकरच कळलें.

सन १९८८ मध्यें दोन शोध एकमेकांस येऊन मिळाले. तोकियोच्या राष्ट्रीय कर्करोग-केंद्रांतील हिरोता फुजिकी, मासामी सुगानुमा व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांच्या कातडीस प्रथम बीज पेरणारें द्रव्य एकदां लावलें व मग ओकाडेइक अॅसिड लावीत राहिले. जमालगोट्याप्रमाणेंच भराभर गांठी आल्या. परंतु हें द्रव्य प्रोटीन कायनेज सी यास स्पर्शहि करीत नव्हतें! मग तें करीत तरी काय होतें? उत्तर त्याच वर्षीं बियालोयान व ताकाई या शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें : ओकाडेइक अॅसिड प्रोटीन फॉस्फटेजांस, विशेषतः 'टू-ए' नांवाच्या फॉस्फटेजास, जखडून टाकतें. खडूचा हात पूर्वीइतकाच लिहीत होता. पुसणारा हात मात्र बांधला गेला होता. फळा दोन्ही परींनीं सारखाच भरतो, आणि परिणामहि सारखाच होतो.

श्रोतेहो, माझ्या मतें या साऱ्या इतिहासांतील महत्त्वाचें वळण हेंच होय. पॉट यांच्यापासून दोनशें वर्षें शास्त्रज्ञ 'काय येऊन चिकटलें?' असें विचारीत होते : काजळी, डांबर, बेंझोपायरीन, जमालगोटा. आतां 'काय नाहींसें झालें?' असेंहि विचारणें भाग पडलें. घरांत चोर शिरल्यानें नुकसान होतें, तसेंच राखणदार निजल्यानेंहि होतें. चोर दिसतो, राखणदाराची झोंप दिसत नाहीं, म्हणून ती उमगण्यास अधिक काळ लागला.

यानंतर पुरावे भराभर जमूं लागले. सन १९९० मध्यें असें आढळलें कीं, प्राण्यांत गांठी उत्पन्न करणारे कांहीं विषाणू आपल्या प्रथिनानें याच 'टू-ए' फॉस्फटेजास गांठतात. राखणदारास प्रथम वश करून घ्यावें, ही युक्ति विषाणूंनाहि ठाऊक होती म्हणावयाची! सन २०१२ मध्यें अमेरिकेंतील दोन संशोधक-मंडळांनीं, त्वचेच्या रंगद्रव्य धारण करणाऱ्या पेशींपासून होणाऱ्या 'मेलॅनोमा' या घातक कर्करोगांत सुमारें दहा टक्के रोग्यांच्या गांठींत 'फॉस्फटेज सिक्स' या एन्झाइमाच्या आनुवंशिक लेखांत बिघाड असल्याचें दाखविलें. सन २०१५ मध्यें, ज्या मियागी प्रांतांत शिंपल्यांची विषबाधा झाली होती, त्याच प्रांतांतील कर्करोग-केंद्राच्या संशोधकांनीं, कातडीच्या पेशींत हें फॉस्फटेज नसलेले उंदीर तयार केले. कर्करोगकारक द्रव्य लावल्यावर या उंदरांना इतरांपेक्षां लौकर आणि अधिक गांठी झाल्या. सूर्यप्रकाशांत असणाऱ्या अतिनील किरणांनींहि त्यांची कातडी अधिक सहज रोगग्रस्त झाली.

माणसांतील आणखी एक उदाहरण सांगतों. दुसऱ्याचें मूत्रपिंड बसविलेल्या रुग्णांस पुष्कळदां सायक्लोस्पोरिनसारखें औषध घ्यावें लागतें. हें औषध 'कॅल्सिन्यूरिन' नांवाच्या फॉस्फटेजास रोखतें, असें १९९१ सालीं सिद्ध झालें. अशा रुग्णांत त्वचेचा कर्करोग अधिक आढळतो. शरीराची प्रतिकारशक्ति दबते हें त्याचें मोठें कारण. परंतु कातडीच्या पेशींतील हा पुसणारा हात थांबण्याचाहि त्यांत थेट वांटा आहे, असें २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या संशोधनानें दाखविलें. हें ऐकून कोणीहि आपलें औषध मनानें बंद करूं नये. त्या औषधावर बसविलेल्या अवयवाचें आयुष्य अवलंबून असतें. उन्हापासून कातडी जपणें व ती वेळोवेळीं वैद्यास दाखविणें, हाच अशांचा खरा उपाय होय.

मास्तराच्या दृष्टांतालाहि मर्यादा असतात, हें सांगितलें पाहिजे. पेशींत फडकें एक नाहीं, अनेक आहेत. शिवाय एकच फडकें निरनिराळ्या तुकड्यांशीं जोडलें जाऊन निरनिराळे फळे पुसतें. फळ्यावर सर्वच आज्ञा 'वाढा' अशा नसतात. कांहीं 'थांबा' अशाहि असतात. 'थांबा' ही आज्ञा पुसली गेली तर तें फडकेंच वाढीस साह्य करतें. म्हणून फॉस्फटेज हें सदा सर्वत्र उपकारकच आहे असें म्हणतां येत नाहीं. लिहिणाऱ्या हातास आवरणारीं औषधें एकविसाव्या शतकांत पुष्कळ निघालीं व कित्येक रोग्यांस त्यांनीं जीवदान दिलें. निजलेल्या पुसणाऱ्या हातास जागें करण्याचे प्रयत्न प्रयोगशाळांतून चालू आहेत. पण तें काम अधिक नाजूक आहे, कारण तुटलेली वस्तु जोडणें हें धांवती वस्तु अडविण्याहून नेहमींच कठीण असतें.

आपल्या देशांत कातडींतील रंगद्रव्यामुळें त्वचेचा कर्करोग युरोपीय लोकांच्या मानानें कमी आढळतो. पण कमी म्हणजे मुळींच नाहीं असें नव्हे. उन्हांत राबणारा शेतकरी, रस्त्यावर डांबर ओतणारा मजूर, यंत्राच्या तेलांत हात घालणारा कामगार, जुन्या भाजल्याच्या वणावर पुन्हां पुन्हां क्षत पडणारी गृहिणी, यांना या इतिहासाशीं कर्तव्य आहे. महिना-दीड महिना न भरणारें क्षत, रंग किंवा आकार बदलणारा तीळ, एकाएकीं वाढूं लागलेला मस, हे दिसतांच वैद्याकडे जावें. त्वचेचा कर्करोग डोळ्यांसमोर वाढतो. म्हणूनच तो वेळीं ओळखला तर बहुधा समूळ काढतां येतो. पॉट यांनीं १७७५ सालीं हेंच सांगितलें होतें : लहान आहे तोंवर काढा.

आणि ज्यांच्या हातीं कारखाने व कंत्राटें आहेत, त्यांच्यासाठींहि यांत एक धडा आहे. धुराड्यांतील मुलांचा रोग टाळण्यास कायनेज आणि फॉस्फटेज यांचें ज्ञान लागत नव्हतें. पाणी, साबण, धड कपडे आणि कायद्याची अंमलबजावणी एवढें पुरेसें होतें. तें ज्ञान हातीं असूनहि शंभर वर्षें मुलें धुराड्यांत चढत राहिलीं. आज डांबराच्या कढईपाशीं उभ्या राहणाऱ्या मजुरास हातमोजे, अंग धुण्यास पाणी आणि बदलण्यास कपडे मिळतात काय, हा प्रश्न आपण प्रत्येकानें आपापल्या गांवीं विचारून पाहावा. पेशीच्या आंतील पुसणाऱ्या हाताची गुरुकिल्ली शास्त्रज्ञ शोधीत आहेत. बाहेरची काजळी पुसण्याचें काम मात्र आजच आपल्या हातांत आहे.